माहिती आणि हात : प्रौढ हौशी बुद्धिबळपटूच्या सुधारणेची मीमांसा

व्याख्या

प्रौढ हौशी खेळाडू म्हणजे कोण, हे आधी ठरवून घेऊ. ज्याने बुद्धिबळ घरच्या पडवीत वडिलांकडून किंवा काकांकडून शिकले, कॉलेजच्या दिवसांत आळीत नाव कमावले, मग नोकरी-संसारात पंधरा वर्षे पटाला हात लावला नाही, आणि मुले जरा मोठी झाल्यावर जो आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लबात पुन्हा खेळायला बसतो, तो. त्याचे मानांकन चौदाशे ते सतराशेच्या दरम्यान असते, किंवा अजून नसतेच. रत्नागिरीत हा प्राणी बँकेत, कोर्टात, शाळेत, आंब्याच्या धंद्यात, सगळीकडे आढळतो. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच आहे, म्हणून विवेचनात कुठे चिडचिड डोकावली तर ती स्वतःवरची समजावी.

आता ‘सुधारणा’. मानांकन वाढणे म्हणजे सुधारणा, ही व्याख्या सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. १ मार्च २०२४ रोजी फिडे या जागतिक संघटनेने किमान मानांकन १४०० वर नेले आणि दोन हजारांखालच्या खेळाडूंना एकदाच वाढ दिली. दोन हजारांपासून जो जितका मागे, त्या अंतराच्या चाळीस टक्के गुण त्याच्या पदरात पडले. म्हणजे २९ फेब्रुवारीला १२०० वर झोपलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी १५२० वर उठला. ३२० गुण मिळाले आणि एक प्यादेही हलवावे लागले नाही. अशी वाढ पगारात झाली तर पेढे वाटावेत. खेळात झाली तर गप्प बसावे.

उलट बाजूही पाहा. समजा तुमचे मानांकन १५५० आहे आणि समोर १५०० चा बारा वर्षांचा मुलगा बसला आहे. इतक्या फरकाला तुमच्याकडून अपेक्षित गुण ०.५७. तुम्ही हरलात. तुमचा गुणक २०, म्हणून तुमचे ११.४ गुण गेले. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा गुणक, मानांकन २३०० खाली असेपर्यंत, ४० असतो, म्हणून मुलाला २२.८ मिळाले. त्याच्या घरी एवढे आले तरी तुमच्या घरातून निम्मेच गेले, हा दिलासा. पण मुलगा मुळात १५०० चा नव्हताच. तो दर महिन्याला पुढे जातो आणि त्याचे मानांकन धापा टाकत मागून येते. भारतातल्या खुल्या स्पर्धांत अशा मुलांची रांगच असते, आणि त्यांच्याशी खेळणारा प्रौढ गेल्या वर्षीपेक्षा चांगला खेळूनही खाली घसरू शकतो.

म्हणून या लेखापुरती व्याख्या अशी: ज्या जातीच्या चुकीने गेल्या वर्षी डाव गेले, त्या जातीच्या चुकीने या वर्षी ते जाईनासे होणे, ही सुधारणा. ती मोजायला वही लागते. तिच्याकडे शेवटी येऊ.

माहिती आणि हात

बुद्धिबळातले ज्ञान दोन जातींचे. एक सांगता येते. हत्ती उघड्या पट्टीवर ठेवावा, किल्लेकोट लवकर करावा, एकटे पडलेले प्यादे दुबळे. याला माहिती म्हणू. दुसरे सांगता येत नाही, ते दिसते. त्याला मी हात म्हणतो. सुताराचा हात बसतो, पेटीवर हात बसतो, त्या अर्थाने.

एप्रिल-मे महिन्यात कलमाखाली उभा राहून झेला चालवणारा माणूस बघा. फांदीवरच्या फळांतले चौदा आणे तयार कुठले, हे कसे ओळखतोस असे विचारले तर तो देठाजवळचा खांदा भरल्याचे सांगेल, सालीचा रंग सांगेल. पण काढताना तो यातले काहीच मनाशी म्हणत नसतो. झेला आपसूक त्या फळाकडे जातो. मुंबईहून आलेला भाचा ही सगळी लक्षणे पाठ करून झेला हातात घेतो आणि दहा आण्यांचा कोवळा आंबा खाली आणतो. भाच्याकडे माहिती आहे, काढणाऱ्याकडे हात.

या भेदाला प्रयोगांचा आधार आहे. आद्रियान द ग्रोट हा डच मानसशास्त्रज्ञ स्वतः नेदरलँड्सच्या संघातून ऑलिंपियाड खेळलेला. त्याचा बुद्धिबळपटूंच्या विचारप्रक्रियेवरचा प्रबंध १९४६ चा. एकच स्थिती निरनिराळ्या दर्जाच्या खेळाडूंपुढे ठेवून त्याने त्यांना मोठ्याने विचार करायला लावले. थोर खेळाडू फार पुढचे पाहत असतील, शेकडो शक्यता तपासत असतील, अशी सगळ्यांची समजूत. आढळले ते असे की खोली आणि शक्यतांची संख्या यांत मोठा फरक नाही. उत्तम खेळाडूच्या नजरेत चांगली खेळी आधीच आलेली असते. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली. मास्टरने बहुतेक मोहरे बरोबर मांडले, नवशिक्याला चार-पाच जमले. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले, आणि मास्टरचे वर्चस्व जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मुळात आपल्यासारखीच. त्याला सुटे मोहरे न दिसता जुळलेले गट दिसतात, आणि ते गट वर्षानुवर्षांच्या खेळाने डोळ्यात मुरलेले असतात.

आता आपला गृहस्थ सुधारायचे ठरवतो तेव्हा काय करतो? पुस्तके घेतो, व्हिडिओ पाहतो, सिसिलियन बचावाच्या एका उपप्रकाराच्या चौदाव्या खेळीपर्यंत पोहोचतो. म्हणजे माहिती वाढवतो. त्याची माहिती आधीच त्याच्या हातापेक्षा पुष्कळ पुढे असते. दोघांतले अंतर वाढत जाते, आणि अंतर वाढले की वैताग वाढतो. कारण आता त्याला आपली चूक खेळल्यानंतर लगेच कळते.

बसलेला हात

इथवर जे सांगितले ते मुलालाही लागू आहे. प्रौढाची खरी अडचण पुढची. मुलाचा हात बसायचा असतो. प्रौढाचा बसलेला असतो, आणि चुकीचा बसलेला असतो.

पडवीतल्या बुद्धिबळात खेळी परत घेता येई. शेजारी बसलेला काका “अरे, घोडा जातोय!” म्हणून ओरडे. घड्याळ नसे. या तीन सवलतींत वाढलेल्या माणसाच्या हाताला एक वळण लागते: आधी चालवायचे, मग बघायचे. स्पर्धेत हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो, काका घरी असतो, आणि वळण तेच राहते.

त्याआधीच्या पिढीची अडचण याहून खोल होती. देशी डावात प्यादे एकेक घरच सरकते, किल्लेकोट नसतो, राजा एकदा घोड्यासारखा अडीच घरे उडी मारू शकतो, शेवटच्या घरी पोचलेले प्यादे त्या पट्टीचा मोहरा होते, आणि समोरच्याकडे एकटा राजा उरला तर ती बुर्जी. (या खेळाची आपल्याकडची विद्या हलकी नव्हती. पेशवाईच्या अखेरीच्या त्रिवेंगडाचार्यशास्त्र्यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अवतार १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला.) देशी डावावर वाढलेला खेळाडू पाश्चात्य नियमांनी खेळू लागला की सुरुवातीला सावकाश तटबंदी रचत बसे आणि तेवढ्यात मध्यभाग हातचा जाई. सर्वांत थोर उदाहरण पंजाबच्या मीर सुलतान खानचे. तो मूळ देशी डावाचा. पाश्चात्य नियम त्याने १९२६ च्या सुमारास, विशी उलटल्यावर, उचलले, आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. तरी सुरुवातीच्या खेळ्यांत तो अखेरपर्यंत कच्चा मानला गेला. मध्यडाव आणि अंत्यडाव यांत जुना हात उपयोगी पडला. सुरुवातीत तोच हात आड आला. एवढ्या प्रतिभेच्या माणसाची ही गत.

बसलेला हात डोळ्यांवरच कसा ताबा मिळवतो, हे मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फार छान दिसते. त्यांनी चांगल्या खेळाडूंना अशी स्थिती दिली की तीत दोन मार्गांनी मात होते: एक सर्वांच्या परिचयाचा, घोड्याने कोंडून मात देण्याचा, पण लांबचा, दुसरा अपरिचित आणि आखूड. खेळाडूंना परिचित मार्ग चटकन सापडला. याहून आखूड मार्ग शोधा, असे सांगितल्यावर ते म्हणाले, शोधतोय. डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा मात्र दाखवत होता की त्यांची नजर पुनःपुन्हा पहिल्या उत्तराच्या घरांवरच जात आहे. खोटे कोणी बोलत नव्हते. आपण शोधत आहोत असे त्यांना खरेच वाटत होते.

हे आपल्या पातळीवर कसे घडते, याचा एक जुना नमुना पट मांडून पाहावा. पांढरा डी४, काळा डी५. सी४, ई६. घोडा सी३, घोडा एफ६. उंट जी५, आणि काळा दुसरा घोडा डी७ वर आणतो. पांढरा सी-प्याद्याने डी५ वर मारतो, काळा ई-प्याद्याने परत मारतो. आता पांढऱ्याचा हात शिवशिवतो. एफ६ चा घोडा उंटाने बांधलेला आहे, तो हलला तर मागचा वजीर जातो; म्हणजे डी५ च्या प्याद्याला असलेला त्याचा जोर नुसता दिसण्यापुरता. फुकटचे प्यादे! पांढरा घोडा डी५ वर मारतो. काळा ‘बांधलेल्या’ घोड्याने तो घोडा मारतो. पांढरा हर्षभराने वजीर उचलतो. काळा उंट बी४ वर येऊन शह देतो, आणि पांढऱ्याला वजीर मध्ये घालण्यावाचून दुसरी खेळीच नाही. मारामारी संपते तेव्हा पांढऱ्याने एका प्याद्यापायी अख्खा घोडा घालवलेला असतो. बर्लिनमध्ये १८४८ साली कार्ल मायेत डॅनियल हारविट्झपुढे असाच फसला. इंग्रजीत याला हत्तीचा सापळा म्हणतात, वास्तविक हत्ती दोघांचेही आपापल्या घरात झोपलेले असतात.

फसणाऱ्याला मोहरा बांधणे (पिन) म्हणजे काय हे माहीत नव्हते, म्हणून तो फसला काय? उलट, माहीत होते म्हणून फसला. ‘बांधलेला मोहरा हलत नाही’ हे अर्धे सत्य त्याच्या हातात बसले होते. राजापुढे बांधलेला मोहरा नियमाने हलत नाही. वजिरापुढे बांधलेला हलतो, फक्त महाग पडतो. कधी कधी पडतही नाही.

मोबाइलवरच्या तीन-तीन मिनिटांच्या डावांविषयी माझे मत यातूनच निघते. त्या डावात विचाराला वाव नसतो, हात खेळतो. ज्याचा हात बरा बसला आहे त्याचा आणखी पक्का होतो. ज्याचा वाकडा बसला आहे त्याचाही आणखी पक्का होतो. रात्री जेवणानंतर वीस डाव खेळून झोपणारा क्लबाचा सभासद सराव करत असतो यात शंका नाही. कशाचा, एवढाच प्रश्न.

डाव कुठे जातो

चौदाशे ते सतराशेच्या पट्ट्यातले हरलेले डाव चाळले की कारणे बरीच कमी भरतात. बिनजोर राहिलेला मोहरा पहिले. समोरच्याने आत्ता केलेल्या खेळीचा हेतू न विचारणे दुसरे, आणि बहुधा ते पहिल्याच्या पोटात असते. तिसरे, पहिल्या पंधरा खेळ्यांत निम्मे घड्याळ संपवून शेवटच्या पंधरा खेळ्या घाईत मारणे. चौथे, जिंकलेला किंवा बरोबरीचा अंत्यडाव माहीत नसल्यामुळे सोडून देणे. सुरुवातीच्या खेळ्यांचा सिद्धान्त न येणे हे कारण या यादीत फार खाली येते; तोंडी मात्र सर्वांच्या पहिले तेच असते. “ओपनिंगमध्ये मार खाल्ला” असे म्हणण्यात अब्रू राहते. “घोडा फुकट दिला” म्हणण्यात ती जाते.

अंत्यडावाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण माहितीची बाजू मी फार खाली दाबली असे वाटू नये. एक प्रकारची माहिती प्रौढाला लाभते: जी थोडी आहे आणि शिळी होत नाही. हत्तीच्या अंत्यडावातल्या दोन स्थिती घ्या. तुमचे प्यादे सातव्या रांगेत, तुमचा राजा त्याच्या पुढच्या, शेवटच्या घरात अडकलेला, समोरचा राजा तुमच्या हत्तीने पलीकडच्या पट्टीवर अडवलेला. राजा बाहेर आला की शहांचा मारा सुरू होतो. उपाय असा की हत्ती आधी चौथ्या रांगेत आणून ठेवायचा. मग राजा बाहेर काढायचा, शह खात खात हत्तीच्या दिशेने खाली यायचे, आणि शेवटच्या शहाला हत्ती मध्ये घालायचा. पूल बांधला, प्यादे वजीर झाले. (कडेच्या, म्हणजे हत्तीच्या पट्टीवरच्या प्याद्याला हे लागू नाही.) हिला लुसेनाची स्थिती म्हणतात. गंमत अशी की लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात ती नाहीच. छापली ती सालव्हियोने, १६३४ मध्ये.

दुसरी फिलिडोरची, बचावाची. एक प्यादे कमी आहे, पण राजा त्या प्याद्याच्या वाटेत उभा आहे. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत ठेवून आडवा पहारा करायचा, म्हणजे शत्रूच्या राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. तो कंटाळून प्यादेच त्या रांगेत ढकलतो. त्या क्षणी हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. राजाला आडोसा देणारे प्यादे पुढे निघून गेले, आता लपायला जागा नाही. बरोबरी.

दोन्ही मिळून दोन संध्याकाळींचे काम. सिसिलियनचा उपप्रकार दोन वर्षांत बदलतो. ही दोन स्थाने शिवाजीमहाराजांच्या काळात होती तशीच आहेत. ज्याला आठवड्याला पाच तास मिळतात त्याने आपले भांडवल कुठे गुंतवावे हे वेगळे सांगायला नको. तरीही एक अट आहे: वाचून सोडली तर ती माहितीच राहतात. समोर माणूस बसवून, घड्याळ लावून, दहादा खेळली की हातात उतरतात.

वेळेचा हिशेब आणि आवर्तन

आठवड्याला पाच तास म्हणजे वर्षाला २६०. त्यातही रत्नागिरीचे वर्ष सारखे नसते. मार्च ते मे आंबा. ज्याची कलमे आहेत तो पटावर दिसत नाही, आणि ज्याची नाहीत त्याच्या घरी पाहुणे असतात. गणपतीत चाकरमानी येतात. खरा मोसम पावसाळ्याचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झाकलेल्या, बाहेर धो धो पाऊस, वीज असली तर असली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावाने बुद्धिबळासाठी याहून चांगली सोय काय करावी?

फर्नांड गोबे आणि गिलेर्मो काम्पितेली यांनी अर्जेंटिनाच्या खेळाडूंची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. मास्टर दर्जा गाठायला सर्वांत जलद खेळाडूला ३,०१६ तास लागले होते, सर्वांत सावकाश पोचणाऱ्याला २३,६०८. आपल्या गतीने पहिला आकडा साडेअकरा वर्षांत गाठता येतो. दुसऱ्याला नव्वद लागतात. मास्टर होण्याचा विचार या हिशेबानंतर ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावा. नील चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासातला निष्कर्ष मला अधिक कामाचा वाटतो. खेळाडूच्या बळाशी सर्वांत घट्ट संबंध एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचा निघाला; स्पर्धांत खेळलेल्या डावांचा वाटा त्यामानाने कमी. स्पर्धा महत्त्वाच्या आहेत, पण त्या कच्चा माल पुरवतात. माल घरी येऊन पिंजावा लागतो.

हे पिंजणे हातात उतरवण्याची एक पद्धत प्रौढांसाठीच गाजली. अमेरिकेतल्या मायकेल दे ला माझा याने २००१ मध्ये ‘चारशे दिवसांत चारशे गुण’ अशा नावाखाली ती मांडली: हजारभर डावपेचांचे कूटप्रश्न घ्यायचे, सगळे सोडवायचे, मग तेच पुन्हा, दर फेरीला वेळ कमी करत, अशा सात फेऱ्या. स्वीडनच्या हान्स टिक्कानेनने अशाच पुनरावृत्तीनंतर २०१० च्या उन्हाळ्यात सात आठवड्यांत ग्रँडमास्टरचे तीन नॉर्म मिळवले, आणि २०१८ मध्ये अ‍ॅक्सेल स्मिथबरोबर त्यावर पुस्तक लिहिले. त्याला त्यांनी सुतारपक्ष्याचे नाव दिले. पंडितांनी दे ला माझावर टीका पुष्कळ केली. हे बुद्धिबळ नव्हे, घोकंपट्टी आहे, इत्यादी. आपण असे म्हणू नये. दिवेलागणीला परवचा म्हणून पाढे पाठ झालेल्या समाजाला आवर्तनाचे महत्त्व पाश्चात्यांकडून शिकण्याची गरज नाही. सात नव्वे त्रेसष्ट हे कोणी ‘काढत’ नाही, ते येते. बिनजोर मोहरा असाच यायला हवा.

माझी हरकत दुसरी आहे. हजार प्रश्न हे नोकरदाराचे काम नाही. दीडशे-दोनशे सोपे प्रश्न, दोन-तीन खेळ्यांत संपणारे, पण तेच-तेच, उत्तर एका दमात येईपर्यंत. अवघड प्रश्न सोडवण्याचा अभिमान वाटतो म्हणून आपण अवघड घेतो; डाव जातात ते सोप्यात.

पूर्वपक्ष

इथे आक्षेप येतो: वय झाले, आता काय हात बसणार? वर्तमानपत्रे या आक्षेपाला खतपाणी घालतात. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर होते. घाटावरचे सांगली शहर घ्या. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळातून पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळवणारी भाग्यश्री साठे आणि पुढे स्वाती घाटे तयार होतात. सगळी लहानपणापासूनची. खरे आहे. पण त्यांतून निघते एवढेच की जगज्जेता व्हायचे असेल तर लहानपणी सुरुवात करावी. पंधराशेचा सतराशे व्हायला काय लागते, याबद्दल ती उदाहरणे काहीच सांगत नाहीत. इंग्लंडचा ब्लॅकबर्न वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास बुद्धिबळ शिकला आणि जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत गणला गेला. रुबिन्स्टाइनही किशोरवयात शिकला. ही माणसे असामान्य होती हे मान्य. पण हात बसण्याचे दार दहाव्या वर्षी बंद होत नाही, एवढे ती दाखवतात.

वयाचा खरा कर कुठे बसतो? दिवसाला दोन फेऱ्या, प्रत्येक डाव ९० मिनिटे आणि खेळीमागे ३० सेकंद. दुसरा डाव संध्याकाळी आठला संपतो तेव्हा चाळिशीतल्या माणसाचे डोके संपलेले असते. त्यात आंबा घाट चढून १३० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला आदल्या रात्री पोचलेले. यावर उपाय बुद्धिबळाचा नाही, झोपेचा आहे. शक्य असेल तिथे एका फेरीची रजा, म्हणजे अर्ध्या गुणाचा बाय, आधीच मागून घ्यावा. मी लाज वाटून कित्येक वर्षे मागितला नाही.

शेवटचे अर्धे मिनिट

खेळी ठरली आणि ती केली, यांच्यामधले अर्धे मिनिट हीच प्रौढाची कर्मभूमी. रशियन खेळाडू ब्लुमेनफेल्डचा यावर एक नेम होता, कोतोव्हने तो आपल्या पुस्तकातून जगभर नेला: खेळी ठरली की आधी कागदावर लिहावी, मग नवशिक्याच्या नजरेने पटाकडे एकदा पाहावे. वजीर फुकट जातो का? एका खेळीत मात बसते का? मगच चालवावे. नेम इतका चांगला होता की २००५ पासून फिडेने तो बेकायदा ठरवला. आता आधी खेळायचे, मग लिहायचे. डावात टिपण वापरल्यासारखे होते, हे कारण. असो.

म्हणून लिहिण्याची जागा हातांनी घ्यावी. दोन्ही हात मांडीवर. तीन प्रश्न: त्याने आत्ता ही खेळी का केली? मी हे खेळल्यावर तो कुठे शह देऊ शकतो, काय मारू शकतो? माझा कुठला मोहरा बिनजोर राहतो? सुरुवातीला हे प्रश्न शब्दांत विचारावे लागतात आणि घड्याळ खातात. काही महिने मानांकन खालीही जाईल. जुना हात मोडत असतो तेव्हा माणूस दोन्हीकडून पोरका असतो. या टप्प्यावर सोडून देणारेच जास्त.

क्लबाचा उपयोग नेमका इथे. तुमच्याहून दोनशे गुणांनी वरचा सोबती धरा. गणिताने त्याच्याविरुद्ध चार डावांत तुमचा सुमारे एक गुण. म्हणजे हरण्याची सवय होईल इतका तो वरचढ नाही, आणि चूक माफ करील इतका दुबळाही नाही. त्याच्याशी आठवड्याला एकच लांब डाव, आणि नंतर तितकाच वेळ दोघांनी मिळून त्या डावावर. खेळी परत देणे नाही. मागे उभे राहून सुचवणारे काका असतील तर त्यांना चहा सांगायला पाठवावे.

आणि वही. हरलेला डाव त्याच रात्री वहीत उतरवावा, संगणकाकडे नेण्याआधी. डाव कुठल्या खेळीला गेला असे तुम्हाला वाटते ते लिहावे, त्या वेळी मनात काय होते ते लिहावे, आणि वर दिलेल्या चार कारणांतले कुठले ते समासात नोंदावे. स्टॉकफिश हा संगणकावरचा बुद्धिबळपटू फुकट आहे, पण त्याला विचारायचे ते दुसऱ्या दिवशी. त्याने आधी सांगितले की चूक त्याची होते, तुमची राहत नाही. वर्षअखेर समास चाळावा. तिथे एकाच कारणाची रांग लागलेली असेल. पुढच्या वर्षी ती रांग आखूड झाली तर व्याख्येप्रमाणे सुधारणा झाली, मानांकनाचे काहीही होवो.

स्पर्धेत मिळालेल्या स्कोअरशीटच्या कार्बन प्रती तुमच्याही कपाटात कुठेतरी दुमडून पडल्या असतील. बहुतेकांच्या असतात. या पावसाळ्यात त्या बाहेर काढा, आणि संध्याकाळी क्लबात याल तेव्हा त्यांतला एक हरलेला डाव घेऊन या. जिंकलेला घरी ठेवा, तो आम्ही पूर्वी ऐकला आहे.